‘विंडोजवरच चालतं’ हे कुणी ठरवलं?

शाळेत मॅक घेऊन येणाऱ्या शिक्षकाला जे ऐकवलं जातं ते असं : शाळेचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. निकालपत्रक विंडोजवर, फीचा हिशेब विंडोजवर, प्रश्नपत्रिकेचा फॉन्ट विंडोजवर, वर्गातल्या स्मार्ट बोर्डाचा प्रोग्रॅमही विंडोजवर. सगळं जग तेच वापरतं. तुम्ही वेगळं यंत्र आणलंत ती तुमची हौस, तिचा त्रास शाळेने का काढावा? एक तर विंडोजचा लॅपटॉप घ्या, नाहीतर आहे त्या मॅकमध्ये विंडोज घालून घ्या, पण गुण वेळेवर भरा.

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवताना हे मी ऐकत आले आहे. डिचोली तालुक्यात शिकवणारी माझी मैत्रीणही हेच ऐकते, जवळजवळ याच शब्दांत. बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. क्लार्कला निकाल वेळेत लावायचा असतो, मुख्याध्यापकांना भागशिक्षणाधिकारी कार्यालयाला माहिती पाठवायची असते. माझा राग त्यांच्यावर नाही, या समजुतीवर आहे. ती इतक्या सहज बोलली जाते, की हा कुणीतरी कधीतरी घेतलेला खरेदीचा निर्णय आहे हेच सगळे विसरून जातात. निर्णय म्हटला की त्याचा जाब विचारता येतो. ‘असंच असतं’ म्हटलं की तोंड बंद होतं.

म्हणून आधी शाळेचं काम नेमकं काय असतं ते पाहू. चाळीस मुलांचे सात-आठ विषयांचे गुण : म्हणजे आकडे, बेरीज, टक्केवारी आणि श्रेणी. फी : नाव, रक्कम, तारीख. हजेरी : नाव आणि दिवस. शाळा सोडल्याचा दाखला : वहीतल्या नोंदीची टापटीप छापलेली प्रत. प्रश्नपत्रिका : मराठी मजकूर, मधे एखादा तक्ता किंवा चित्र. यांतलं कोणतं काम एकाच कंपनीच्या यंत्रावाचून होत नाही? आकड्यांची बेरीज मॅकवर वेगळी येते का? केंद्र सरकारला शाळेची सगळी माहिती द्यायची यूडायस प्लस ही व्यवस्था ब्राउझरमध्ये उघडते. दीक्षा या सरकारी मंचावरचे धडे ब्राउझरमध्ये आणि फोनवर उघडतात. देशभरातल्या शाळांचा हिशेब ज्या सरकारला ब्राउझरमधून घेता येतो, त्याच देशातल्या एका हायस्कूलला आठवी ‘ब’चे गुण घ्यायला विंडोज का लागावं?

लागतं, कारण गुणांची ती फाइल कुणीतरी तशी बनवली आहे. बहुतेक ठिकाणी ती एक्सेलची वही असते आणि तिच्यात मॅक्रो आणि बटणं बसवलेली असतात. मॅकवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतात, पण अॅक्टिव्हएक्सची बटणं चालत नाहीत. फीचा प्रोग्रॅम अॅक्सेसवर बांधलेला असतो, आणि अॅक्सेस मायक्रोसॉफ्टने मॅकसाठी कधी काढलंच नाही. जमाखर्च टॅलीत असतो आणि टॅली विंडोजवरच बसतं. तक्रार ऐकताना हा तपशील कुणी पाहत नाही. बटणाऐवजी साधं सूत्र लिहिलं असतं तर तीच वही मॅकवर, लिनक्सवर आणि फोनवरही उघडली असती. बटण बसवणाऱ्याने स्वतःची सोय पाहिली. त्या सोयीची किंमत मात्र पुढची दहा वर्षं शाळेतल्या इतर सगळ्यांनी मोजायची.

शाळेने उद्या फर्मान काढलं की निबंध अमुक एका कंपनीच्याच वहीत लिहिला पाहिजे, दुसऱ्या वहीतला तपासला जाणार नाही, तर पालक गप्प बसतील का? पालक-शिक्षक संघाच्या सभेत पहिला प्रश्न हाच येईल, की त्या कंपनीशी शाळेचं नातं काय. संगणकाच्या बाबतीत तोच प्रश्न विचारणारा माणूस मात्र हौशी ठरतो.

या ‘हौस’ शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. मॅक म्हणजे पैसेवाल्यांचं खेळणं, ही कल्पना पेडण्यात राहून कुणी कशी धरू शकतो? आमच्या गावांतले मुलगे बोटीवर आहेत, आखातात आहेत, पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेलेही आहेत. सुट्टीवर येताना त्यांच्या बॅगेत जुनं झालेलं यंत्र असतं आणि ते बहिणीला, भाच्याला, वहिनीला मिळतं. माझा मॅक तसाच आला. भावाने बोटीवर वापरलेला. मी दुकानात जाऊन रंग निवडला नाही. घरात चालू स्थितीतलं, उत्तम यंत्र असताना निव्वळ शाळेच्या निकालपत्रकासाठी शिक्षकाने पगारातून दुसरं घ्यावं, ही अपेक्षा करणाऱ्याने हौसेची भाषा करू नये. उधळपट्टी त्या अपेक्षेतच आहे.

आणि ‘सगळं जग विंडोज वापरतं’ हे तर आमच्या स्टाफरूमपुरतंसुद्धा खरं नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या हातात एक संगणक आहे. तो फोन आहे, आणि त्यातल्या एकावरही विंडोज नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतःच फोनवरचं विंडोज गुंडाळून काही वर्षं झाली. ज्या पालकांना निकाल, सूचना, फीची पावती पोचवायची, त्यांतल्या अनेकांच्या घरात संगणक म्हणजे अँड्रॉइडचा फोन, तोही एकच, आणि तो आई आणि दोन मुलं मिळून वापरतात. विंडोजपुरती बनवलेली फाइल या माणसांना उघडत नाही. माझा मॅक फक्त तक्रार करतो म्हणून दिसतो. तक्रार न करता बाजूला पडलेले पालक कुणाला दिसत नाहीत. तेव्हा हा मॅकवाल्या चार शिक्षकांचा प्रश्न आहे असं समजून तो झटकू नका. शाळेचा कागद शाळेशी संबंधित प्रत्येकाला उघडता आला पाहिजे की नाही, हा तो प्रश्न आहे.

मग सल्ला येतो : मॅकमध्येच विंडोज घालून घ्या. हा सल्ला देणाऱ्यांनी तो कधी करून पाहिलेला नसतो. अॅपलने 2006 मध्ये बूट कॅम्प आणलं, तेव्हापासून इंटेलच्या मॅकवर विंडोज बसवता येत होतं हे खरं. पण नोव्हेंबर 2020 मध्ये अॅपलच्या स्वतःच्या एम1 चिपचे मॅक आले आणि त्यांच्यावर बूट कॅम्पच नाही. तिथे पॅरलल्ससारखा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागतो, त्याच्या आत विंडोजची वेगळ्या चिपसाठीची आवृत्ती बसवावी लागते, तिचा परवाना पुन्हा वेगळा. मायक्रोसॉफ्टने या मार्गाला रीतसर मान्यता दिली ती 2023 मध्ये. एवढं सगळं केल्यावरही जुन्या सॉफ्टवेअरची यूएसबीला लावायची चावी, म्हणजे डोंगल, बहुधा ओळखली जात नाही, कारण तिचा ड्रायव्हर इंटेलच्या चिपसाठी लिहिलेला असतो. म्हणजे दोन परवान्यांचे पैसे शिक्षकाने भरायचे आणि शेवटी काम अडायचं ते अडायचंच.

इथवर आलं की हळू आवाजात दुसरा सल्ला मिळतो. ‘कुणाकडून तरी टाकून घ्या ना, सगळे तेच करतात.’ चोरीचं विंडोज, चोरीचं ऑफिस, चोरीचा फॉन्ट. हे शाळेच्या आवारात बोललं जातं! नक्कल करताना सापडलेल्या मुलाला आपण वर्गाबाहेर उभं करतो, पालकांना बोलावतो. आणि त्याच मुलाचे गुण फुकट टाकून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो. जी व्यवस्था प्रामाणिक शिक्षकाला एक तर भुर्दंड नाहीतर चोरी असे दोनच रस्ते ठेवते, ती शाळेत असूच कशी शकते?

आता मला सर्वांत जास्त टोचणाऱ्या मुद्द्याकडे येते. तो मराठीचा आहे.

‘बाई, मराठी टायपिंग विंडोजवरच होतं.’ मराठीच्या शिक्षिकेला मराठीबद्दल हे ऐकवलं जातं. शाळेतल्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम असल्या संचांतल्या जुन्या फॉन्टांत टाइप झालेल्या आहेत. या फॉन्टांची करामत समजून घ्या. त्यांच्यात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याच्यावर मराठीचं चित्र काढतो. कृतिदेवमध्ये आपण वाचतो तो ‘क’ आतून इंग्रजी ‘डी’ असतो. ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा बनलेला असतो. फॉन्ट असेल तोवर पडद्यावर मराठी दिसते. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडा, की तीच पाच अक्षरं उघडी पडतात. फोनवर उघडा, तेच. पोर्टलवर टाका, तेच. दोष फोनचा नाही आणि मॅकचाही नाही. त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच.

1990 च्या दशकात हे फॉन्ट आले तेव्हा दुसरा इलाज नव्हता आणि त्या लोकांनी मराठी छपाईचं मोठं काम केलं, हे मी नाकारत नाही. पण युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, 1991 मध्ये, देवनागरीला जागा मिळाली. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक काढलं आणि इनस्क्रिप्ट कळफलक त्याच मानकाचा भाग होता. विंडोज 2000 मध्ये देवनागरी आली ती मंगल फॉन्टसह, आणि तो फॉन्ट कुणी काढला? आपल्या र. कृ. जोशींनी, कवी आणि सुलेखनकार जोशींनी. त्यांचाच रघू हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता फॉन्ट आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. मॅकमध्ये देवनागरी आणि इनस्क्रिप्ट कळफलक दोन दशकांहून जास्त काळ तयार बसलेले आहेत, काहीही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजवरचा, लिनक्सवरचा आणि मॅकवरचा इनस्क्रिप्ट एकच. एकदा बोटांना सवय झाली की कुठल्याही यंत्रावर बसा. मग मराठी विंडोजवरच होते, हे कोण कुणाला सांगतंय?

सांगणारा माणूस खरं तर एवढंच सांगत असतो, की मला ज्या फॉन्टची सवय आहे तो विंडोजवर आहे. सवयीचा मला आदर आहे. रेमिंग्टनच्या कळांवर आयुष्य काढलेल्या टायपिस्टला एका रात्रीत बदल म्हणणं निर्दयपणाचं होईल, आणि युनिकोडमध्ये रेमिंग्टनच्या धर्तीचे कळफलकही मिळतात. पण एकाची सवय सगळ्या शाळेचा नियम होऊ शकत नाही. मराठी मजकुराचं भवितव्य तर त्या सवयीवर मुळीच सोपवता येत नाही.

कारण नुकसान फार मोठं आहे. पंधरा-वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचे अंक, गावाच्या इतिहासावर मुलांनी लिहिलेले प्रकल्प, निवृत्त शिक्षकांनी टाइप करून ठेवलेल्या टिपणांच्या फायली. हे सगळं कुठेतरी हार्ड डिस्कवर आहे, पण त्यात ‘मये’ किंवा ‘पार्से’ हे आमच्याकडच्या गावाचं नाव शोधा, एकही फाइल सापडणार नाही, कारण आत तो शब्दच नाही. दृष्टिहीन मुलाने ती फाइल स्क्रीन रीडरवर लावली तर त्याला इंग्रजी अक्षरांची बरळ ऐकू येईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा फलक शाळेच्या भिंतीवर असतो, आणि आतल्या खोलीत त्या मुलाला कधीच वाचता येणार नाही असा मजकूर रोज तयार होत असतो. याला काय म्हणायचं?

पेडणे आणि डिचोली. हे तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेले आणि तरी मराठी शिकत राहिले. गावकऱ्यांनी देवळाच्या सोप्यावर, कुणाच्या पडवीत शाळा चालवल्या, शेणवी-भटजी-पंतोजींना धान्य देऊन ठेवून घेतलं. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि तिथून शिकून आमच्या आईवडलांची पिढी उभी राहिली. राजभाषेच्या प्रश्नावर इथे मराठीसाठी माणसं रस्त्यावर उतरली आहेत. एवढा इतिहास असलेल्या भागातल्या शाळांनी आपली मराठी एका खासगी फॉन्टच्या कुलपात ठेवावी आणि किल्ली डोंगलच्या रूपात क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये असावी, याची मला लाज वाटते. मराठीच्या नावाने भाषणं करणाऱ्या संस्थाचालकांना मी विचारते : तुमच्या शाळेचं मराठी मराठी म्हणून साठवलं जातं का? आज कार्यालयात जाऊन पाहा.

पुढचा युक्तिवाद मुलांच्या नावाने केला जातो. बाहेर नोकरीत विंडोज लागतं, म्हणून शाळेत विंडोजच हवं. म्हणजे सहावीतल्या मुलीला दहा-बारा वर्षांनी लागणाऱ्या यंत्राची बटणं आज पाठ करायला लावायची. ज्यांनी शाळेत एक्सपीचे मेनू पाठ केले, त्यांच्यासमोर 2007 चं ऑफिस आलं तेव्हा ते मेनूच गायब झाले होते. 2012 च्या विंडोज 8 ने स्टार्टचं बटण काढून टाकलं. ज्यांना फाइल म्हणजे काय, तक्ता कसा विचार करतो, सूत्र कसं बांधायचं हे कळलं होतं ते तरले. जे बटणांच्या जागा शिकले होते ते पुन्हा शिकवणीला गेले. शाळेचं काम पहिली गोष्ट देण्याचं आहे. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेला टॅली शिकवायचं असेल तर जरूर शिकवा, टॅली बसवलेल्या संगणकावर शिकवा. त्यासाठी मराठीच्या शिक्षिकेने विंडोज का घ्यावं आणि भूगोलाची प्रश्नपत्रिका विंडोजमध्येच का असावी?

गोवा सरकारच्या केअर्स योजनेतून आमच्या मुलांना कोडिंग शिकवलं जातं. स्क्रॅच ही अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेली भाषा ब्राउझरमध्ये चालते, पायथन कुठल्याही यंत्रावर चालतं. म्हणजे शाळेतलं सर्वांत आधुनिक शिक्षण कोणत्याही यंत्रावर घेता येतं, आणि शाळेतलं सर्वांत साधं काम, गुणांची बेरीज, एकाच यंत्रावर! ज्या पेडणे तालुक्यात तुयेला इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी जागा राखली गेली, त्या तालुक्यातल्या मुलांना संगणक म्हणजे एका कंपनीचा पडदा एवढंच दाखवायचं का?

हे स्वप्नरंजन आहे, आपल्याकडे असं होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावं. तिथे 2001 मध्ये आयटी अॅट स्कूल हा उपक्रम सुरू झाला, पुढे सरकारी आणि अनुदानित शाळा लिनक्सवर आणि मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या, शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्यातून मार्गदर्शक तयार केले गेले, दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षाही तिथे लिनक्सवर होते. 2017 मध्ये या उपक्रमाची काइट नावाची सरकारी कंपनी झाली. केरळची मुलं नोकरीत मागे पडली का? आणि केरळ तरी कशाला? गोव्यातच, या शतकाच्या सुरुवातीला, परदेशी स्थायिक झालेल्या गोवेकरांनी गोवा कॉम्प्युटर्स-इन-स्कूल्स प्रोजेक्टमधून वापरलेले संगणक गोव्यातल्या शाळांना मिळवून दिले आणि ते लिनक्सवर चालवले. परदेशातून आलेली जुनी यंत्रं, फुकटचं सॉफ्टवेअर, आणि शिकणारी गोव्यातली मुलं. वीस वर्षांपूर्वी इथे हे झालेलं आहे. आपण ते विसरलो आणि आता ‘विंडोजवरच चालतं’ म्हणून एकमेकांना गप्प करतो.

सरकारी धोरण तरी आमच्या विरुद्ध आहे का? नाही. केंद्राने 2010 मध्ये खुल्या मानकांचं धोरण काढलं. 2012 च्या शालेय माहिती तंत्रज्ञान धोरणाने मुक्त सॉफ्टवेअरला पसंती दिली. 2015 मध्ये सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण आलं. तेव्हा नियमावर बोट ठेवणाऱ्यांनी ते बोट योग्य पानावर ठेवावं. शाळेच्या कामासाठी विंडोज सक्तीचं आहे असं सांगणारा कागद मला आजवर कुणी दाखवलेला नाही.

उरला देखभालीचा मुद्दा. लहान शाळा, संगणकाचा माणूस नाही, जे आहे ते एका एजन्सीवाल्यावर चालतं, त्याला विंडोजच कळतं. या युक्तिवादात सगळ्यांना दिलासा मिळतो, आणि खरा धोकाही यातच आहे. शाळेची माहिती ज्या प्रोग्रॅममध्ये आहे, त्यातून ती बाहेर काढायची सोय आहे का, हे विकत घेताना कुणी विचारत नाही. एजन्सीवाला धंदा बंद करतो, दुबईला जातो, फोन उचलत नाही. मग जुन्या विद्यार्थ्याचा दाखला काढायला त्याच जुन्या संगणकाला हात जोडावे लागतात. तो पेटला तर ठीक. एका कंपनीवर अवलंबून राहणं म्हणजे सुरक्षित राहणं, हे कुठून आलं?

त्या कंपनीने काय केलं तेही पाहा. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याला चालत नाहीत. शाळांच्या प्रयोगशाळांत 2015-16 च्या सुमाराला घेतलेले, धडधाकट चालणारे संगणक आहेत. त्यांच्यात बिघाड काहीच नाही. दूर अमेरिकेत एक निर्णय झाला आणि ते कालबाह्य ठरले. आता ते भंगारात टाकायचे का धोका पत्करून तसेच चालवायचे? लिनक्स घातलं तर ती यंत्रं आणखी कित्येक वर्षं चालतील. पण घालणार कसं, निकालपत्रक विंडोजवरच चालतं ना! मला मॅकवरून ऐकवणारे सहकारी आज त्याच जागी उभे आहेत जिथे मी होते. त्यांचं यंत्र चांगलं आहे आणि शाळेला ते चालत नाही.

एका सॉफ्टवेअरवर सगळ्यांना बांधलं की काय होतं याचं उदाहरण एका अख्ख्या देशाने दिलं आहे. दक्षिण कोरियाने 1990 च्या दशकाच्या शेवटी ऑनलाइन व्यवहारांसाठी स्वतःची सांकेतिक पद्धत बनवली आणि ती ब्राउझरमध्ये चालवायला मायक्रोसॉफ्टचं अॅक्टिव्हएक्स धरलं. परिणाम असा, की जगातल्या अत्यंत वेगवान इंटरनेटच्या देशात बँकेचं आणि खरेदीचं काम वर्षानुवर्षं इंटरनेट एक्सप्लोररवाचून होईना. मॅकवाले, लिनक्सवाले बाहेर. तिथेही त्यांना हौशीच म्हटलं गेलं असेल. 2014 मध्ये लक्षात आलं, की कोरियन मालिकेतल्या नायिकेचा कोट परदेशी चाहत्यांना कोरियन दुकानांतून ऑनलाइन घेता येत नाही, आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांना त्यावर बोलावं लागलं. या व्यवहारांना लागणाऱ्या जुन्या सरकारमान्य प्रमाणपत्राची मक्तेदारी संपायला 2020 चा डिसेंबर उजाडला. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ते इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टने जून 2022 मध्ये निवृत्त केलं. सगळे वापरतात म्हणून आपणही तेच, या न्यायाने एवढा मोठा देश वीस वर्षं अडकला. आपल्या शाळेच्या कार्यालयातला प्रोग्रॅम कधी ना कधी असाच बंद पडणार आहे. त्या दिवशी आपल्या मुलांची माहिती आपल्या हातात असेल का?

माझं म्हणणं शाळेने मॅक घ्यावेत असं नाही. उद्या कुणी ‘मॅकवरच चालतं’ म्हणाला तर मी त्याच्याविरुद्धही असाच लेख लिहीन. कार्यालयात विंडोज ठेवा, टॅली ठेवा, क्लार्कची सवय सांभाळा. पण शाळा माझ्याकडून गुण मागत असेल तर तिने गुण मागावेत, माझं यंत्र मागू नये. आणि मराठी मागत असेल तर युनिकोडमधली मराठी मागावी. हा माझा हट्ट नाही, शाळेचं कर्तव्य आहे. अनुदानित शाळेत सार्वजनिक पैशावर घेतलेली प्रत्येक वस्तू सगळ्यांना वापरता आली पाहिजे.

पेडणे आणि डिचोलीतल्या शाळांचे व्यवस्थापक, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ यांना माझी विनंती आहे. पुढचं सॉफ्टवेअर घेताना ऑर्डरमध्ये चार ओळी लिहा : काम ब्राउझरमध्ये झालं पाहिजे, सगळा मराठी मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे, आमची सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढता आली पाहिजे, आणि पैसे चुकते करण्याआधी एकच प्रश्नपत्रिका आणि एकच निकालपत्रक कार्यालयातल्या संगणकावर, एखाद्या शिक्षकाच्या मॅकवर आणि एखाद्या पालकाच्या फोनवर उघडून दाखवलं पाहिजे. तिन्हीकडे उघडलं नाही, तर बिल देऊ नका.